बाबांची ७६ ची कॅडिलॅक विकायचीय, बारा हजारांना देऊ का?

पत्र: नमस्कार. आम्ही मिशिगनमध्ये राहतो, आई ट्रॉयला, मी नोव्हायला. बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या गॅरेजमध्ये १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो कन्व्हर्टिबल आहे, बाहेरून लाल, आतून पांढरं लेदर, मीटरवर साधारण १८,००० मैल. बाबांनी ती ८५ साली एका रिटायर झालेल्या अमेरिकन शेजाऱ्याकडून घेतली होती. फक्त उन्हाळ्यात रविवारी काढायचे, आजारपणात ती तशीच उभी राहिली, आता तीन वर्षं सुरूच केलेली नाही. आई घर विकून माझ्याकडे येणार आहे, मेपर्यंत गॅरेज रिकामं हवंय. एक डीलर येऊन बारा हजार कॅश देतो म्हणाला. पुण्याचा दादा म्हणतो अजिबात विकू नकोस, शेवटची कन्व्हर्टिबल आहे, दहा वर्षांनी लाख डॉलर येतील, नाहीतर इकडे पाठव. एक बॉडी शॉपवाला म्हणतो पूर्ण रंग काढून घ्या, किंमत दुप्पट होईल. आई म्हणते काय करायचं ते करा पण चांगल्या माणसाला द्या. मला गाड्यांतलं काही कळत नाही, काय करू?

उत्तर: ताई, बाराला देऊ नका आणि लाखाची वाटही बघू नका. आणि रंगाला तर कुणाला हातच लावू देऊ नका, एवढं आज जरी पाळलंत तरी अर्धं काम झालं, बाकीचं सावकाश वाचा.

दादाचं आधी घेऊ, कारण किमतीचं सगळं कोडं तिथंच आहे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत उघड्या टपाच्या गाड्या खपेनाशा झाल्या होत्या, गाड्यांत एसी आले, हायवेवर टप उघडून केस उडवत जायची हौस कमी झाली, वर गाडी उलटली तर काय याबद्दल सरकार कडक नियम आणणार अशी हवा होती, म्हणून एकेका कंपनीने कन्व्हर्टिबल बंद केल्या आणि ७६ साली एकटी एल्डोराडो उरली. कॅडिलॅकने मग ही शेवटची, ही शेवटची असा दणक्यात गाजावाजा केला. त्या वर्षी १४,००० कन्व्हर्टिबल काढल्या, त्यातल्या शेवटच्या २०० एकसारख्या पांढऱ्या, आणि एप्रिल ७६ मध्ये डेट्रॉइटच्या क्लार्क स्ट्रीटच्या प्लांटमधून शेवटची गाडी बाहेर पडली तेव्हा फोटो काढायला प्रेसवाले हजर होते. दादाने बहुतेक त्या पांढऱ्यांपैकी एखादीचा व्हिडिओ बघितला असणार. त्या वेगळ्या, तुमची लाल आहे, तुलनाच नको.

तर स्टिकरवर किंमत साधारण ११,००० डॉलर आणि लोक वर कितीतरी जास्त मोजून घेऊन जात होते, आणि घेऊन काय करत होते, तर गॅरेजमध्ये चादर घालून ठेवून देत होते. चालवायचीच नाही, पुढं सोन्याच्या भावानं विकायची. पण ८२ ला क्रायसलरने कन्व्हर्टिबल परत आणली, ब्यूइकनेही आणली, आणि ८४ ला खुद्द कॅडिलॅकनेच नवीन एल्डोराडो कन्व्हर्टिबल बाजारात आणली. ज्यांनी शेवटची म्हणून घेतली होती त्यांचा असा काही भडका उडाला की काहींनी कंपनीला कोर्टात खेचलं. आता तुमच्या पत्रातली तारीख बघा, बाबांनी ८५ ला घेतली, रिटायर झालेल्या शेजाऱ्याकडून. मला तर वाटतं तो शेजारी त्यातलाच एक, वाट बघून कंटाळलेला, आणि बाबांना गाडी चांगल्या भावात मिळाली ती त्याच्या कंटाळ्यामुळे. दादा आज जे म्हणतोय तेच तो शेजारी ७६ ला म्हणत होता.

याचा दुसरा परिणाम असा की या मॉडेलमध्ये कमी चाललेली गाडी दुर्मिळ नाही. दुसऱ्या एखाद्या पन्नास वर्षं जुन्या गाडीवर १८,००० मैल म्हटलं की लोक उठून बसतात, इथं मात्र घेणारा विचारतो, बरं, पुढं? कारण दोन-चार हजार मैलवाल्याही अधूनमधून येतात. म्हणून भाव असा आहे की चांगल्या, चालत्या, नीट ठेवलेल्या गाड्या ढोबळमानाने वीस ते तीस हजार डॉलरमध्ये जातात, जवळजवळ न वापरलेल्या त्याच्या वर. तुमची सुरू होऊन नीट चालली आणि कागद पक्के असले तर मी पंचवीसच्या आसपास धरून चालेन. हॅगर्टी ही जुन्या गाड्यांचा इन्शुरन्स करणारी कंपनी, तिच्या किमतींच्या तक्त्यात एक ते चार असे कंडिशनचे नंबर असतात, ते स्वतः बघा, फक्त आपल्या गाडीला एक नंबर देऊ नका, एक नंबर म्हणजे शोमध्ये पांढरे हातमोजे घालून दाखवतात तसली गाडी. आपली दोन आणि तीनच्या मधे कुठंतरी असेल.

आता दादाचा दुसरा मुद्दा, इकडे पाठव. दादाला प्रेमानं नाही म्हणा. जुनी गाडी भारतात आयात करायची म्हणजे नियमांचं जंगल, भारी ड्यूटी, स्टिअरिंग डावीकडं, इंजिन ८.२ लिटरचं आणि लांबी जवळपास पावणेएकोणीस फूट. सदाशिव पेठेत ती वळणार कुठं हा प्रश्न मी दादालाच विचारेन.

बॉडी शॉपवाल्याचं म्हणणं मात्र धोक्याचं आहे. फॅक्टरीचा मूळ रंग असलेली गाडी आणि नव्यानं रंगवलेली गाडी यात घेणाऱ्यांच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक असतो. मूळ रंगावर बारीक ओरखडे, एखादा टवका असला तरी चालतो, अशा गाड्यांना ते सर्व्हायव्हर म्हणतात, अँटिक ऑटोमोबाइल क्लबमध्ये तर मूळ स्थितीत राखलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्गच आहे. जाणकार गिऱ्हाईक रंगाची जाडी मोजायचं मीटर खिशात घेऊन येतं, पत्र्याला लावलं की कळतं एकदा रंगलाय की दोनदा, आणि दोनदा दिसला की पहिला प्रश्न, अपघात झाला होता का? सात-आठ हजार घालून तुम्ही शंका विकत घ्याल. पॉलिशवाल्यालाही सांगून ठेवा की मशीननं कडांवर घासू नको, मूळ रंग कडांवर पातळ असतो, खाली प्रायमर दिसायला वेळ लागत नाही.

पण तो रंगाचं बोलला त्याला एक कारण असणार आणि ते मी इथं बसून सांगू शकतो. गाडीच्या मागं जा, बंपर आणि बॉडीच्या मधे रंगवलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आहेत, फिलर म्हणतात त्यांना, पुढंही असतात. सत्तरच्या दशकातल्या कॅडिलॅकचं हे जुनं दुखणं, ते प्लॅस्टिक गाडी उभ्या उभ्याच वाळतं, भेगा पडतात, अंगठ्यानं जरा दाबलं तर खारी बिस्किटासारखा तुकडा हातात येतो. तर दाबू नका. नुसत्या भेगा असतील तर तसंच ठेवा, जवळून फोटो काढा आणि जाहिरातीत स्वच्छ लिहा. तुकडे पडलेलेच असतील तर नव्या फिलरचा सेट मिळतो, तेवढाच रंगवून बसवून घ्या, बाकी गाडीला ब्रशही लागता कामा नये.

तीन वर्षं उभी आहे म्हणता. उत्साहाच्या भरात नवी बॅटरी टाकून चावी फिरवू नका, भाऊजींनाही सांगा. टाकीतलं जुनं पेट्रोल सडून त्याचा वार्निशसारखा चिकट थर बसतो, तो एकदा पुढं ओढला गेला की खर्च वाढतो. जुन्या गाड्यांचा मेकॅनिक बोलवा, डेट्रॉइटच्या आसपास त्याची काय वानवा, त्याला सांगा आधी टाकी रिकामी कर, पेट्रोलचे रबरी पाइप बदल, ब्रेकचं फ्लुइड बदल आणि ब्रेक बघ, इंजिन हातानं फिरतंय का बघ आणि मगच सुरू कर. एअर क्लीनरच्या डब्यात उंदरानं घर केलंय का तेही बघायला सांगा, मिशिगनच्या गॅरेजमध्ये हे हमखास. टायर दिसायला नवे असले तरी कडेला डीओटी (DOT) अशी अक्षरं असलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष, दहा वर्षांच्या पुढचे असतील तर फिरवून दाखवायला ते धोक्याचे. पांढऱ्या पट्टीचेच घ्या, काळे लावले तर ही गाडी उघडी वाटते. या सगळ्यात दोन-तीन हजार जातील आणि ते वसूल होतील, कारण चालणारी गाडी आणि ‘सुरू होईल बहुतेक’ गाडी यांच्यातला फरक त्याहून मोठा आहे, डीलरनं बारा हजार सांगितले ते त्याच भरवशावर.

टपाचं बटण एकट्यानं दाबू नका, थंडीत तर नाहीच. या टपाचा सांगाडा कात्रीसारखा आत मिटत जातो, मागची सीट रुंद मिळावी म्हणून तसं केलं होतं, कल्पना छान पण यंत्रणा नाजूक. दोन बाजूंना दोघं उभे राहा, गॅरेज उबदार असू दे, एक बाजू मागं राहिली किंवा कट्कट् आवाज आला की तिथंच थांबा, नाहीतर गिअर तुटतो आणि तो दुरुस्त करणारा माणूस शोधण्यात उन्हाळा जातो. आणि बेसमेंटमध्ये शोधा, टप खाली केल्यावर वरून बसवायचं एक कडक कव्हर असतं, पांढरं किंवा गाडीच्या आतल्या रंगाचं, मोठं आणि बोजड, लोक कंटाळून कुठंतरी कोपऱ्यात ठेवतात आणि घर विकताना कचऱ्यात टाकतात. घेणारा पहिल्या पाच प्रश्नांत ते विचारणार.

आता कागद. मीटर पाच आकडी आहे, म्हणजे एक लाख झाले की परत शून्यावर, मग अठरा हजार आहेत की एक लाख अठरा हजार हे कुणाला कसं कळणार? कायद्यानं एवढ्या जुन्या गाडीचं मीटर लिहून द्यायची सक्ती नाही, पण तुमचा शब्द आणि कागद यात गिऱ्हाईक कागदच धरणार. तुमच्या बाबांच्या पिढीतली माणसं ग्लव्ह बॉक्समध्ये एक वही ठेवायची, तारीख, मैल, किती गॅलन, कधी ऑइल बदललं, बघा आहे का. असली तर ती देवनागरीत असली तरी बिघडत नाही, उलट कुणी बनावट म्हणणार नाही, दहा-बारा पानांचे फोटो काढा, शेजारी इंग्रजीत टाइप करून द्या. त्या वहीचे मी दोन-तीन हजार धरतो. मूळ वही गाडीबरोबर द्यायची की नाही हे आईला विचारून ठरवा, घेणारा मागेल. ७६ चा स्टिकर, वॉरंटीची पुस्तिका, शेजाऱ्यानं ८५ ला लिहून दिलेली पावती, दुरुस्तीची बिलं, जे सापडेल ते एका फाइलला. गाडीचा नंबर ६एल६७ असा सुरू होतोय ना ते डॅशबोर्डवर काचेतून बघा, तो कन्व्हर्टिबलचा.

टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, कुणाच्या नावावर आहे? हे सगळ्यात आधी बघायला हवं होतं खरं तर. दोघांच्या नावावर असेल तर काम सोपं, एकट्या बाबांच्या असेल तर मिशिगनमध्ये वारसानं भरायचा एक फॉर्म असतो, ठरावीक रकमेपर्यंत प्रोबेट, म्हणजे वारसाहक्काच्या, कोर्टात न जाता काम होतं, आईला आणि मृत्यूचा दाखला घेऊन सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात जा, मिशिगनमध्ये गाड्यांचे कागद तिथंच होतात, आधी अपॉइंटमेंट घ्या. हे जाहिरातीच्या आधी. गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात आणि टायटल स्वर्गवासी माणसाच्या नावावर, असं झालं की चांगलं गिऱ्हाईक पळतं आणि घासाघीस करणारं थांबतं. टॅक्सचं टेन्शन फार घेऊ नका, वारशानं आलेल्या वस्तूची किंमत बाबा गेले त्या दिवशीची धरतात, ८५ ची नाही, तरी सीएला एक फोन करा, आपलं ते सीपीए.

विकायची कुठं? मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, तिथं शंभर बदाम येतील आणि गिऱ्हाईक एकही नाही. माझी पसंती ब्रिंग अ ट्रेलरसारख्या ऑनलाइन लिलावाला, तिथं लोक जवळजवळ अशाच गाड्यांचे मागचे सौदे बघून बोली लावतात, त्यामुळं भाव उघड्यावर ठरतो, तुम्हाला गाड्यांतलं कळत नसलं तरी फसवलं जायची भीती कमी. कमीत कमी किंमत, म्हणजे रिझर्व्ह, लावता येते, ती एकवीस-बावीस ठेवा, तीस नको. शंभरएक फोटो लागतील, गाडी खालून उचलून पण, आणि थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ. खाली कमेंटमध्ये लोक खोदून खोदून विचारतात, हा गंज आहे का, ही शिवण का उसवली, आणि आपल्याला बाबांचा अपमान झाल्यासारखं वाटतं, तर मनाला लावून घेऊ नका, जितका खोचक प्रश्न तितका माणूस गंभीर असतो बऱ्याचदा. जे माहीत नाही ते माहीत नाही लिहा, मेकॅनिकला विचारून सांगते लिहा, लोक यावरच विश्वास ठेवतात.

मेकम किंवा बॅरेट-जॅक्सनचे स्टेजवरचे लिलाव बघायला झकास, पण गाडी तिथवर न्यायचा खर्च, एंट्री फी, कमिशन आणि एक-दोन मिनिटांत निकाल, या गाडीला ते झेपत नाही. आई म्हणते चांगल्या माणसाला द्या, तर त्याआधी कॅडिलॅक अँड लासॅल क्लबमध्ये जाहिरात टाका आणि हेमिंग्ज या जुन्या गाड्यांच्या मासिकात, महिनाभर थांबा. क्लबची माणसं जरा चिकट असतात पैशाला, पण गाडीची काळजी घेणारी. कालामाझूजवळ हिकरी कॉर्नर्सला गिलमोर म्युझियममध्ये कॅडिलॅकचं वेगळं दालन आहे, एखाद्या शनिवारी आईला घेऊन जा, तिथल्या म्हाताऱ्या व्हॉलंटिअरना ७६ ची एल्डोराडो म्हटलं की ते स्वतःहून दोन नावं सांगतील. मात्र चांगला माणूस म्हणून पाच हजार सोडू नका, आईला घर बदलायला पैसे लागणार आहेत. आणि एकदा विकली की तो तिचं काय करतो हे आपल्या हातात नाही, हे आईशी आत्ताच बोलून घ्या, नंतर फेसबुकवर ती कुणाच्या तरी लग्नाच्या वरातीत दिसली तर वाईट वाटायला नको.

वेळ तुमच्या बाजूची आहे. मिशिगनमध्ये एप्रिल-मे म्हणजे लोकांना टप उघडायची स्वप्नं पडायला लागतात, ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक असते, त्याआधी गाडी हातात हवी म्हणून लोक घाई करतात. नोव्हेंबरात याच गाडीला दोन-तीन हजार कमी येतील. म्हणजे मेकॅनिक फेब्रुवारीत, टायटल फेब्रुवारीत, फोटो एप्रिलमध्ये पहिल्या कोरड्या दिवशी.

जाहिरात लागली की भामटे येणार, ते ओळखणं अवघड नाही. गाडी न बघताच पूर्ण किंमत देतो म्हणणारा, जास्त रकमेचा चेक पाठवतो आणि उरलेले ट्रान्सपोर्टवाल्याला तुम्ही पाठवा म्हणणारा, अमुकच वेबसाइटवरून रिपोर्ट काढून द्या म्हणून लिंक पाठवणारा, या तिघांना उत्तरही देऊ नका. कॅशिअर्स चेक खोटे छापतात, म्हणून त्याच्या बँकेत त्याच्याबरोबर जा आणि काउंटरवर चेक बनताना बघा, नाहीतर वायर ट्रान्सफर, पैसे खात्यात दिसल्याशिवाय टायटलवर सही नाही. डीलर कॅश कॅश करतोय त्यात आपल्याला काही फायदा नाही, दहा हजारांवर कॅश बँकेत भरली की बँक रिपोर्ट करते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण नको म्हणून तुकडे तुकडे करून भरली तर तो गुन्हा होतो.

चक्कर मारायला कुणी आलं तर आधी तुम्ही किंवा भाऊजी चालवा, तो शेजारी बसेल, लायसन्सचा फोटो काढून ठेवा आणि गाडीचा इन्शुरन्स चालू आहे ना ते आज बघा, बाबांच्या नावावरचा बंद झाला असण्याची शक्यता आहे, क्लासिक गाड्यांचा ठरलेल्या किमतीचा इन्शुरन्स वर्षाला फार महाग नसतो. विकली की नंबर प्लेट काढून घ्या, मिशिगनमध्ये प्लेट गाडीबरोबर जात नाही.

डीलरला नाही म्हणायला मुद्दाम फोन करू नका. त्याचाच येईल परत, मार्चमध्ये, आणि चौदावर आलेला असेल.